काबरीची पिल्लं

१

सकाळी खुराड्याची फळी वर उचलली, की गोरक्षला वाचा फुटायची. एरवी हा गडी चारचौघांत हूं की चूं करायचा नाही. गावात कुणी हाक मारली, तर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहायचा. नववीत असताना सरांनी त्याला फळ्यापाशी उभं केलं, तोंडातून शब्द निघेना, वर्ग हसला. त्या दिवशी घरी येऊन त्यानं दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचं. पण कोंबड्या पंख झाडत बाहेर आल्या, की त्याचं सुरू व्हायचं. "चला बायांनो, चला. तांबडे, ढकलाढकली नको. आणि तुझी मान का गं वाकडी आज? रुसलीस का?"

"येवढं माणसांशी बोलला असता, तर सून आली असती घरात," छायाबाई चुलीपुढून म्हणायच्या.

"सुनेला दाणे टाकून भागायचं नाय, आई," असं उत्तर त्याच्या मनात यायचं, पण ते मनातच राहायचं.

दिंडोरीहून वणीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या अंगाला, द्राक्षाच्या बागांच्या मधोमध त्यांचं घर. मागं परस. परसात शेवगा, शेवग्याखाली खुराडं, पुढं कांद्याच्या रोपाचे वाफे, आणि वाफे संपले की उतार. उताराखाली ओढा. वडील गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून घरात माय-लेक दोघंच. दिवाळी झाली आणि गोरक्षची बहीण उज्वला बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचे मालक दीपकराव सातपूरला कंपनीत; सोडायला आले, चहा पिऊन लगेच परत गेले.

उज्वलाचं हे दुसरं. पहिलं आठ दिवसांचं होऊन गेलं. गोरक्ष तेव्हा देवळाली कॅम्पला एका चिकनच्या दुकानात कामाला होता. तो घरी आला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानं विचारलं नाही आणि त्याला कुणी सांगितलं नाही. त्या वेळचा एक पाळणा तेवढा माळ्यावर उलटा करून ठेवलेला होता, आणि या खेपेला छायाबाई त्याच्याकडं बघायलासुद्धा तयार नव्हत्या.

उज्वला मात्र या वेळी हसत होती. परसात ऊन खात बसायची. एक दिवस म्हणाली, "गोरख, माझं बाळ घरी येईल ना, तेव्हा अंगणात पिल्लं पाहिजेत मला. आईमागं पळणारी. पहिल्यांदा त्याला तेच दाखवायचंय."

भावाला बहिणीनं मागावं तरी किती! गोरक्षनं मान हलवली आणि त्याच दिवशी कामाला लागला.

२

योग चांगला होता. काबरी नेमकी खुडूक बसली होती. ठिपक्याठिपक्यांची, अंगानं भरलेली, स्वभावानं खाष्ट कोंबडी. अंडी द्यायची थांबली, पाटीत अंग पसरून बसली, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरायला लागली. खुडूक कोंबडीला अंडी दिली की एकवीस दिवसांत पिल्लं. एवढं साधं गणित गोरक्षला शाळा न शिकताही येत होतं.

अडचण कोंबड्याची होती. त्याचा तुरेवाला कोंबडा महिन्यामागं मुंगसानं नेला. कोंबड्यावाचूनची अंडी उबवून काय होणार? नुसती सडायची. त्यानं वणीच्या वसीमला फोन लावला. वसीम त्याचा कॅम्पातला जुना जोडीदार. दोघं एकाच दुकानात कामाला होते. आता वसीमनं घरी गावरान कोंबड्या पाळल्या होत्या.

"देतो ना यार, पायजे तेवढी देतो," वसीम म्हणाला. "पण जरा दम धर. आजूबाजूला कोंबड्यांत मानमोडीचा रोग आलाय. लस टोचलीये सगळ्यांना. थोडे दिवस जाऊ दे, चांगली अंडी आणतो. तोवर तुझ्या बाईला बसवून ठेव. उठली की गेलं काम."

खुडूक कोंबडीला बसवून ठेवायचं, तर पोटाखाली काहीतरी लागतं. रिकाम्या पाटीत ती किती दिवस बसणार? घरची अंडी ठेवावीत तर आईची नजर त्यांच्यावर. रोज सकाळी उज्वलाला दोन उकडून द्यायची होती. मग जुन्या लोकांची युक्ती होतीच. अंड्याएवढे गुळगुळीत दगड ठेवायचे. कोंबडीला पोटाखाली गोल काहीतरी लागलं की झालं.

गोरक्ष ओढ्यावर गेला. पात्रातले दगड ओबडधोबड होते. वरच्या अंगाला मात्र, करंजाच्या झाडाखाली, हवे तसे दगड पडलेले दिसले. पुरानं घासून आणून टाकले असावेत, असं त्याला वाटलं. पांढुरके, गोल, हातात मावणारे. कुठं चार एकत्र, कुठं दोन. त्यानं चांगले बघून टॉवेलात गोळा केले. त्यातला एक सगळ्यांत लहान होता, आणि त्याच्या एका अंगाला पिवळा डाग होता. घरी येऊन त्यानं सगळे दगड धुतले. पिवळा डाग काही केल्या निघेना, तेव्हा काथ्या घेऊन घासला.

संध्याकाळी ते दगड त्यानं एकेक करून काबरीच्या पोटाखाली सरकवले. तिनं टोच मारली नाही. गुरगुरलीसुद्धा नाही. चोचीनं एकेक दगड जवळ ओढला, अंग उचललं, पंख थोडे उघडले आणि सावकाश त्यांच्यावर बसली. मग तिनं डोळा मिटला. कोंबडीची पापणी खालून वर चढते, माणसासारखी वरून खाली येत नाही. लहानपणापासून बघितलेली गोष्ट, पण त्या दिवशी का कोण जाणे, गोरक्ष ती पापणी पुरी वर चढेपर्यंत बघत राहिला.

३

काबरी बसली ती अशी बसली, की गोरक्षच धास्तावला. कितीही खुडूक कोंबडी असो, दिवसातून एकदा उठते. दाणे टिपते, पाणी पिते, मातीत लोळून घेते आणि परत पाटी गाठते. ही उठेना. तो तिला उचलून बाहेर ठेवायचा, वाटीत कण्या टाकायचा. दोन दाणे घशाखाली गेले-नाही गेले की पळत पाटीत. तुरा पिवळा पडला, छातीचं हाड हाताला लागायला लागलं.

"दगडावर जीव काढतीये बया," छायाबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या वसीमला म्हणावं, येतो का तिचा दहावा करायला?"

वसीमचं आज-उद्या चालूच होतं. इकडं थंडी वाढली. पहाटे वाफ्यांवर धुकं उतरायचं, बागांना जपायला लोक शेकोट्या पेटवायचे. पाटीत हात घातला, की दगड इतके गरम लागायचे, की गोरक्ष बोटं शेकून घ्यायचा.

पिल्लं फुटायच्या आधी अंडं कानाला लावून बघायची त्याला सवय होती. आतून चिवचिव ऐकू येते, टकटक ऐकू येते. एक दिवस काबरीला दाणे खायला बाहेर काढली आणि सवयीनं त्यानं पाटीतला एक दगड उचलून कानाला लावला. मग स्वतःशीच हसला. अरे येड्या, दगड आहे तो!

पण कान काढून घेता घेता तो थांबला.

आत काहीतरी होतं. चिवचिव नव्हती, टकटक नव्हती. चुटुक. मग थोडं थांबून, चुटुक, चुटुक. ओलसर, मऊ. जीभ टाळूवरून सुटावी तसा आवाज. असा आवाज आपण कधी ऐकलाय का, हे त्याला आठवेना. त्यानं दगड हलवून पाहिला, दुसऱ्या कानाला लावला. काही नाही. आपल्याच कानातली नस उडत असेल. थंडीनं कानाला दडे बसतात, तसंही असेल. त्यानं दगड खाली ठेवला, तेव्हा काबरी मागं येऊन उभी होती. मान ताठ, पिसं अंगासरशी, एका डोळ्यानं त्याच्याकडं बघत होती.

त्या दिवसापासून त्यानं दगडांना हात लावला नाही.

४

वसीम अंडी घेऊन आला, आणि त्याच सकाळी काबरी आपण होऊन पाटीतून उठली होती.

"आली का उठून? लय नखरेल हाय तुझी राणी," वसीमनं मोटारसायकलला अडकवलेली पिशवी हलक्या हातानं सोडवली. अंडी तुसात नीट बसवलेली होती. "मी इतकी सांभाळून आणली, रस्त्यात खड्डा आला की मीच उभा राहायचो. बसव तिला."

बसवायचं कुणाला? काबरी पाटीकडं फिरकायला तयार नव्हती. ती वाफ्यांच्या कडेनं चालली होती, आणि चालता चालता कुडुक-कुडुक करत होती. हा आवाज ऐकला नाही असा कोंबडीवाला नाही. कोंबडी पिल्लं घेऊन निघाली, की असाच कुडकुडत चालते. थोडं पुढं जायची, थांबायची, मागं वळून बघायची. पायानं माती उकरायची, एखादा दाणा चोचीत धरून परत खाली ठेवायची आणि घाईघाईनं बोलावायची. या, या, हे खा. मग वाट बघायची. मग पुढं.

तिच्या मागं कुणी नव्हतं.

वसीम मोठ्यानं हसला. "अरे, ही दगडाची आई झाली! गोरख, बारसं कधी? पेढे देशील का नाय?"

"ऊब अंगात असती तोवर बोलत राहती," गोरक्ष पुटपुटला. "दोन दिवसांत गप होईल."

"गप झाली तरी आता तिच्याखाली दुसऱ्याची पिल्लं घालू नको हां. कोंबडीनं एकदा आपली मानली, की मानली. दुसरं पिल्लू जवळ आलं, तर टाळकं फोडते. माझ्या अरिबानं लाडानं एक पिल्लू सोडलं होतं दुसऱ्या आईजवळ. त्याचं काय झालं, ते बघून पोरगी रातची जेवली नाय."

बोलता बोलता वसीमचं लक्ष काबरीकडं गेलं. ती शेवग्यापलीकडच्या उन्हात बसली होती. तिनं दोन्ही पंख थोडे वर उचलले आणि तसेच धरून ठेवले. पिल्लांना आत घेताना धरतात तसे. पंखाची पिसं एका जागी वर झाली, खाली बसली. मग दुसऱ्या जागी. मग तिसऱ्या.

वसीमचं हसू तोंडावरच राहिलं. त्यानं पिशवी परत हॅण्डलला अडकवली.

"अंडी?" गोरक्ष म्हणाला.

"नंतर बघू यार. दुसरी कुणी खुडूक झाली की फोन कर." त्यानं किक मारली. गाडी चालू झाल्यावर म्हणाला, "आणि ताई घरात हाय ना? तिला नको फिरू देऊ इकडं."

पण ताई तिथंच फिरायची. पाटी तशीच उलटी करून गोरक्षनं दगड शेवग्याच्या बुडाशी टाकून दिले होते. दुपारी उज्वला तिथंच बाजेवर येऊन बसली, आणि अवघडल्या अंगानं वाकून तिनं त्यातला एक उचलला. आधी गालाला लावला, मग पोटावर ठेवला.

"ऊब आहे रे अजून याला."

"उन्हाची असंल," गोरक्ष म्हणाला.

शेवग्याखाली ऊन नव्हतं. ते त्याच्या लक्षात आलं, पण बोलून झालं होतं.

५

खोटी आई थोड्या दिवसांत भानावर येते, हे गोरक्षला पक्कं माहीत होतं. म्हणून तो वाट बघत राहिला. काबरी भानावर येईना. उलट बाकीच्या कोंबड्याच बदलल्या. काबरी दाण्यांवर आली, की तांबडी आणि इतर साऱ्या बाजूला व्हायच्या. काबरीला वाट द्यायच्या, इथपर्यंत ठीक. पण तिच्या मागची जागासुद्धा त्या मोकळी सोडायच्या. ती पुढं गेल्यावरही जरा वेळ तिथं पाय ठेवत नव्हत्या.

वाफ्यांना पाणी दिलं, की ओल्या मातीत काबरीच्या पावलांचे ठसे उठायचे. त्या ठशांच्या मागं मागं, जोडीजोडीनं, उथळ गोल खळगे असायचे. बोराएवढे नाहीत, लिंबाएवढे नाहीत, त्यांच्या मधले. शेळीचं करडू शिरलं असेल, असं गोरक्षनं ठरवलं. त्यांच्या वस्तीवर शेळी कुणाकडंच नव्हती.

मग ती घारीची गोष्ट घडली.

सकाळची वेळ. गोरक्ष वाफ्यातलं तण काढत होता. घार वर फिरत होती, सावली वाफ्यावरून जात-येत होती. पिल्लांच्या दिवसांत घार फिरणारच, म्हणून त्यानं मान वर केली, आणि मग त्याला आठवलं की पिल्लं नाहीत. अंगणात एकही पिल्लू नाही. मग ही कशावर फिरतीये?

तेवढ्यात घार सुटली. दगडासारखी खाली आली. काबरीवर नाही, काबरीच्या मागं, वीतभर मोकळ्या जमिनीवर. काबरी किंचाळून अंगावर गेली. धुरळा, पिसं, आणि घार परत उठली. तिचे पाय रिकामे होते, हे गोरक्षनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. नखं आवळलेली आणि नखांत काही नाही. पण ती ओझं उचलल्यासारखी उठत होती. पंख जोरजोरानं मारत होती, एका अंगाला कलत होती. शेवग्याच्या शेंड्यापर्यंत गेली असेल, आणि एकाएकी अशी ओरडली, की घरातून छायाबाई धावत बाहेर आल्या. तिनं नखं उघडली.

कांद्याच्या वाफ्यात काहीतरी पडलं. धप्प असा आवाज झाला. रोप एका जागी आडवं झालं.

गोरक्ष खुरपं हातात धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत आडव्या झालेल्या रोपातून एक रेघ निघाली, पातं-पातं वाकवत वाफ्याच्या कडेला आली आणि काबरीपाशी थांबली. काबरीनं पंख उचलला. खाली केला.

"काय झालं रे?" छायाबाईंनी विचारलं.

त्याचं तोंड उघडं होतं. फळ्यापुढं उभं असताना झालं होतं तसंच झालं. शब्द घशापर्यंत आला आणि तिथंच राहिला. आणि आईला काय सांगायचं, हे ठरायच्या आतच घरातून उज्वलाची हाक आली. "आई, अगं आई, कळ आली गं!"

रिक्षा, दवाखाना, धावपळ. त्यात ते राहून गेलं. घार मात्र त्या वस्तीवर पुन्हा दिसली नाही.

६

उज्वलाला मुलगा झाला. गोरा, नीटस, रडला की घर डोक्यावर घेणारा. घरी आणलं त्या दिवशी छायाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं, आणि पाळणा माळ्यावरून न काढता नव्या साडीची झोळी बांधली. मधल्या खोलीत उज्वलाची बाज. दाराला पडदा. शेगडीत ओव्याची धुरी.

"पिल्लं कुठायत रे?" आत जाता जाता उज्वलानं विचारलं.

तिनं अंगणात नजर टाकली, काबरीकडं बघितलं आणि हसली. "अय्या, आहेत की!"

बाळंतीण थकलेली असते, काहीही बोलते. छायाबाईंनी तिला आत नेलं.

गोरक्ष बाहेरच्या खोलीत बसला. पडद्यापलीकडं बाळ रडायचं थांबलं. पाजायला घेतलं असावं. मग तो आवाज आला.

चुटुक. चुटुक, चुटुक.

त्यानं हातातला चहा खाली ठेवला. दगडातून आलेला आवाज तो हा होता. बाळ दूध ओढताना जीभ टाळूवरून सुटते, तो.

तो उठून परसात आला. काबरी मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी होती, आणि ती टोच मारत होती. मान पुढं काढून, पिसं फुलवून, मोकळ्या जमिनीवर. एकदा इकडं, एकदा तिकडं, सपासप. पिल्लं मोठी झाली, की कोंबडी त्यांना अशीच तोडते. जवळ आली की हाणते. जा, आता तुमचं तुम्ही बघा. पण ते कितीतरी आठवडे गेल्यावर. इतक्या लवकर कुठलीच कोंबडी तोडत नाही. आणि काबरी त्यांना अंगणाकडं हाकलत नव्हती. उंबऱ्याकडं हाकलत होती. घरात.

मग ती थांबली. अंग झाडलं, तांबडीच्या शेजारी जाऊन दाणे टिपायला लागली. कुडकुडणं बंद. जणू मधले सगळे दिवस आलेच नव्हते.

"गोरख, तापलेलं पाणी दे रं," असं म्हणत चतुराबाई परसातून आल्या. शेजारच्या मळ्यातल्या, वस्तीवरच्या सगळ्या बाळंतिणींना त्याच न्हाऊ घालायच्या. हातात तेलाची वाटी. शेवग्यापाशी आल्या आणि थबकल्या. "हे दगड कुणी आणले?"

"मीच, मावशी. काबरीखाली ठेवले होते."

"कुठनं आणले?"

"ओढ्यावरनं. करंजाखाली पडले होते."

चतुराबाईंच्या हातातली वाटी कलली. तेल त्यांच्या पावलावर सांडलं. त्यांनी पाहिलंही नाही. त्या घराच्या दाराकडं बघत होत्या.

"तुला कुणी सांगितलं नाय?"

"काय?"

"ते पडलेले दगड नसत्यात रं पोरा. ठेवलेले असत्यात." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "तान्ह्या लेकरांना जाळत नाय आपल्यात. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वरून दगड ठेवत्यात. उज्वलीचं पहिलंबी तिथंच हाय. तुझ्या बापानं ओंजळीएवढा खड्डा काढला, आणि वर हळद लावून दगड ठेवला."

गोरक्षला काथ्या आठवला. पिवळा डाग आठवला. आपण किती जोरानं घासत होतो, ते आठवलं.

"आत्ताच्या आत्ता जा," चतुराबाई म्हणाल्या. "होते तिथं ठेव. हात जोड. उज्वलीला कळू देऊ नको, बाळंतीण हाय ती. मी तिच्यापाशी बसते, जा!"

७

त्यानं दगड टॉवेलात गोळा केले. लहान, पिवळ्या डागाचा तेवढा सापडेना. शेवग्याचं बूड उकरलं, खुराडं बघितलं, पाटी उलटी केली. तो नव्हता. बाकीचे घेऊन तो उतारावरून पळत सुटला.

करंजाखाली गेल्यावर त्यानं टॉवेल सोडला. आपण चांगले बघून निवडले होते. कुठं चार होते, कुठं दोन. पण कुठला कुठून उचलला? कुणाच्या उशाचा कुणाला ठेवायचा? त्यानं एकेक दगड उचलून कानाशी नेला. सगळे गार होते. सगळे गप्प होते. दगडच होते ते. आत काही उरलं नव्हतं.

त्यानं ते मिळेल तसे ठेवले, हात जोडले आणि वळला. मग त्याला उज्वला आठवली. बाजेवर बसलेली, दगड पोटावर धरून. ऊब आहे रे अजून याला.

परसात चतुराबाई आणि छायाबाई पाणी तापवायच्या चुलवणापाशी उभ्या होत्या. छायाबाईंच्या डोळ्याला पदर होता. बाहेर आल्या होत्या दोघी, बोलायला. म्हणजे आत उज्वला एकटी होती.

भर दुपार. घरात उजेड होता. कौलाच्या काचेतून उन्हाचा पट्टा मधल्या खोलीच्या दाराशी पडला होता. गोरक्ष पडद्याजवळ आला आणि त्याला आवाज आला. चुटुक, चुटुक. बाळ पीत असेल, तो मनाशी म्हणाला. बाळ भुकेलं असेल, आणि काय? आवाज एका जागेवरून येत होता. मग दुसऱ्या जागेवरूनही. मग तिसऱ्या.

त्यानं पडदा बाजूला केला.

बाळ झोळीत होतं. उघडं पडलं होतं. दुपटं खाली गळालेलं, हातपाय थंडीनं लालनिळे, तोंड मिटलेलं. ते पीत नव्हतं.

उज्वला बाजेवर कुशीवर होती, भिंतीकडं पाठ करून. उशाशी तो लहान दगड. अंगावर आईची जाड गोधडी, आणि तिची कड उज्वलानं कोपरानं थोडी वर उचलून धरली होती. पंख उचलून धरावा तशी. खाली अंधार होता. गोधडी एका जागी वर झाली, खाली बसली. मग पायांपाशी. मग पोटापाशी.

"ये, ये," ती अगदी हळू म्हणत होती. "सगळ्यांना जागा आहे."

गोधडीच्या काठाबाहेर एक तळवा राहिला होता. अंगठ्याएवढा. ओल्या मातीनं भरलेला. गोरक्षनं तो पाहिला न पाहिला, तोच तो आत ओढला गेला.

झोळीतलं बाळ रडायला लागलं. चांगलं टाहो फोडून रडायला लागलं. उज्वलानं मान वर केली. आधी एका डोळ्यानं झोळीकडं बघितलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. मान पुढं आली.

"कुणाचं रे ते?" ती म्हणाली. "कधीचं मधेमधे करतंय. घेऊन जा ना त्याला. नाहीतर मी..."

पुढचं ती बोलली नाही. गोरक्षनं झडप घालून बाळ उचललं, छातीशी आवळलं आणि पाठीमागं सरकत सरकत भिंतीला टेकला. आईला हाक मारायची होती. तोंड उघडं होतं. आई, एवढाच शब्द. तो घशापर्यंत आला आणि तिथंच राहिला.

बाळ दूर गेलेलं बघून उज्वला शांत झाली. तिनं गोधडी सावकाश खाली केली, अंग थोडं उचललं आणि नीट बसती झाली. मग भावाकडं बघत बघत तिनं डोळे मिटले.

पापणी खालून वर चढली.